वृद्धनिवासाचे माप

वृद्धाश्रमांविषयी आपल्या समाजात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक विषादाचे : ज्यांनी लेकरांना वाढवले त्यांनाच उतारवयात परक्यांच्या दारी राहावे लागते, ही गोष्ट आपल्या कुटुंबसंस्थेला लाजिरवाणी आहे, असे सांगून बोलणारा थांबतो. दुसरे कौतुकाचे : एखाद्या संस्थेला भेट देऊन आलेले गृहस्थ सांगतात की जागा स्वच्छ आहे, हवा उत्तम आहे, पुढे बाग आहे, आवारात मारुतीचे देऊळ आहे आणि आजी-आजोबा अगदी आनंदात आहेत. विषाद खरा असतो आणि कौतुकही बहुधा प्रामाणिक असते. तथापि ही दोन्ही मते एकाच कारणाने उथळ आहेत असे मला वाटते. पहिल्याची दृष्टी रहिवाशाच्या मुलावर खिळलेली असते, दुसऱ्याची इमारतीच्या दर्शनी भागावर. आणि ज्या माणसाला त्या वास्तूत आयुष्याची शेवटची पाच, दहा किंवा पंधरा वर्षे काढावयाची आहेत तो रात्री खाटेवरून उठून मोरीपर्यंत कसा जातो, ह्या प्रश्नापर्यंत दोघांपैकी कोणीच पोचत नाही.

माझे म्हणणे असे आहे. वृद्धनिवासातील सुरक्षितता आणि सुख ह्या परस्परविरोधी गोष्टी आहेत, एकीची मात्रा वाढवली की दुसरीची घटते, म्हणून शहाण्या व्यवस्थापकाने त्यांचा तोल सांभाळावा, हा जो समज संस्थाचालकांपासून रहिवाशांच्या मुलाबाळांपर्यंत सर्वत्र रूढ आहे तो मुळातच चुकीचा आहे. दोहोंचे माप एकच आहे : त्या वास्तूत राहणाऱ्या माणसाला आपली नित्यकर्मे किती प्रमाणात स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेळेला आणि कोणाची परवानगी न मागता करता येतात. ज्या प्रमाणात ती करता येतात त्या प्रमाणात ते घर सुरक्षित असते आणि त्याच प्रमाणात सुखाचेही असते. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे. सबब ते टप्प्याटप्प्याने मांडणे इष्ट होईल.

१. पडणे हे दैव नव्हे

म्हातारपणी माणूस पडायचाच, असे आपण सहज म्हणतो, आणि पडण्याला एकदा वयाचा धर्म मानले की त्याची कारणे शोधण्याचे कष्ट वाचतात. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी दरवर्षी शेकडा २८ ते ३५ जण पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालच्या आपल्या अहवालात नमूद केले आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील निदान एक तरी वर्षाच्या आत दगावतो, आणि जे वाचतात त्यांतील पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. इतक्या भयंकर गोष्टीची कारणमीमांसा जिथे व्हावयास हवी तिथे आपण उसासा टाकून मोकळे होतो.

ही कारणे गूढ नाहीत. एक रात्र डोळ्यांपुढे आणावी : अडीच-तीनचा सुमार आहे. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी सकाळऐवजी रात्रीच्या जेवणानंतर दिली गेल्यामुळे म्हाताऱ्याला जाग आली आहे. तो उठून बसतो. उठता क्षणी रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. खाट रुग्णालयातून मोडीत निघालेली लोखंडी, म्हणजे परिचारिकेला वाकावे लागू नये इतकी उंच. त्यामुळे कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, त्याला अंदाजाने खाली उतरावे लागते. चपला खाटेखाली गेलेल्या. दिव्याचे बटण दाराशी, म्हणजे अंधारात सात-आठ पावले चालून गेल्यावर मिळणार. मोरीच्या तोंडाशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून बांधलेला दोन इंचांचा उंबरा. आतली फरशी शेवटच्या बादलीने ओली. तोल गेला की हात ज्या दांडीला जातो ती टॉवेल वाळत घालण्याची दांडी असल्यामुळे गिलाव्यातला स्क्रू निघून ती हातात येते. दार आत उघडणारे आणि कडी आतून लावलेली. त्यामुळे पडलेल्या माणसाचे शरीरच दाराला अडसर होते आणि आवाज ऐकून धावत आलेल्या मावशीला दार फोडावे लागते.

ह्या साखळीतील कोणती कडी दैवाने घडवली आहे? गोळीची वेळ बदलता येते. खाटेचे पाय कापून गुडघ्याच्या उंचीइतके करता येतात. बटण उशाशी घेता येते, जमिनीलगत रात्रभर मंद दिवा ठेवता येतो. उंबरा काढून फरशीला उतार देता येतो, दार बाहेर उघडणारे करता येते, बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवता येते. आणि माणसाचे सगळे वजन पेलेल असा कठडा भिंतीच्या विटेत घट्ट रोवता येतो. उठण्यापूर्वी कडेला दोन मिनिटे बसावे, एवढी सवय लावण्यास तर खर्चही नाही. आता ही सारी दुरुस्ती झाल्यावर काय घडले ते पाहावे : म्हातारा रात्री एकटा उठला, एकटा गेला आणि एकटा परत आला. त्याला अधिक सुरक्षित करण्यासाठी आपण जे जे केले त्या प्रत्येकाने तो अधिक स्वाधीन झाला, आणि त्याची लाज राखली गेली हे सुख तर निराळेच. सुरक्षिततेची आणि सुखाची अशी दोन कामे आपल्याला कुठे करावी लागली नाहीत. काम एकच होते.

२. बंदोबस्त

प्रत्यक्षात मात्र सुरक्षितता ह्या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी बंदोबस्त असा घेतला जातो. पडू नये म्हणून उठूच देऊ नये. बाहेर जाऊन हरवू नये म्हणून फाटकाला कुलूप असावे. रात्री जागरण नको म्हणून चालता येणाऱ्यालाही डायपर लावावा. फारच हालचाल करणाऱ्याला खाटेच्या दांड्याला ओढणीने किंवा पट्टीने अलगद बांधून ठेवावे. हे करणारी माणसे दुष्ट असतात असे मी म्हणत नाही. उलट ती बहुधा भ्यालेली असतात : माणूस पडला तर नातेवाईक जाब विचारतील, पोलिसांपर्यंत जाईल, संस्थेचे नाव जाईल, ह्या भीतीने ती हे करतात. परंतु ही भीती ज्या सुरक्षिततेची असते ती संस्थेची सुरक्षितता आहे, रहिवाशाची नव्हे. आणि ह्या दोहोंची गल्लत हे आपल्या वृद्धनिवासांच्या कारभारातील सर्वांत खोल दुखणे आहे.

बंदोबस्ताने धोका टळतो का, हेही पाहिले पाहिजे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांच्या स्नायूंत सरासरी जवळजवळ एक किलोची घट आढळली. हे निरोगी माणसांचे झाले. जो आधीच अशक्त आहे त्याला पडण्याच्या भयाने महिनाभर खाटेला खिळवले, तर महिन्यानंतर तो खरोखरीच उभा राहू शकत नाही, आणि मग त्याला खिळवून ठेवण्याचे कारण आपोआप सिद्ध होते. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, मन भ्रमिष्ट होते. खाटेला कठडे लावले तर गोंधळलेला माणूस त्यांवरून चढून उतरू पाहतो आणि पूर्वी दोन फुटांवरून पडला असता तो आता साडेतीन फुटांवरून पडतो. अमेरिकेत १९८७ साली शुश्रूषागृहांसाठी जो सुधारणा कायदा झाला त्याने शिस्तीसाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून न ठेवले जाणे हा रहिवाशाचा हक्क ठरवला, आणि त्यानंतर बांधण्याची प्रथा तेथे मोठ्या प्रमाणात घटली.

ह्या बंदोबस्ताचे अंतिम स्वरूप आपल्याच देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी निवासात आग लागली आणि झोपडीवजा शेडमध्ये साखळदंडांनी जखडलेली २८ माणसे तीत मेली. ते वृद्धनिवास नव्हते हे खरे. परंतु त्यांना जखडण्यामागील युक्तिवाद तोच होता, की मोकळे सोडले तर ही माणसे स्वतःला इजा करून घेतील. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीतील ग्रेटर कैलाश भागात वृद्धांच्या एका देखभालगृहाला आग लागून दोन वयोवृद्ध स्त्रिया मरण पावल्या. तेव्हा आगीचे साधे गणित मांडून पाहावे. समजा, एक तीन मजली इमारत आहे, अंथरुणाला खिळलेली माणसे वरच्या मजल्यावर आहेत, जिन्याशी सरकते लोखंडी दार असून त्याची किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात आहे, आणि रात्री साऱ्या इमारतीत दोन मावशा आहेत. भिंतीवर आग विझवण्याचे नळकांडे टांगलेले आहे. त्यावरील तारीखही ताजी असेल. परंतु ज्या माणसांना स्वतःच्या पायांनी खाली येता येत नाही त्यांना वरच्या मजल्यावर ठेवण्याचा निर्णय ज्या दिवशी झाला त्याच दिवशी त्या नळकांड्याचा उपयोग संपला.

३. सुख म्हणजे मिळणे नव्हे

सुखाविषयीचा गैरसमजही ह्याच जातीचा आहे. रहिवाशाला काय काय मिळते ह्याची यादी म्हणजे सुख, असे आपण धरून चालतो : पंखा, दूरदर्शन, गरम पाणी, सणाला गोडधोड. पितृपक्षात आणि वाढदिवसाच्या निमित्ताने दाते संस्थांकडे येतात, एकाच आठवड्यात तीनदा श्रीखंडपुरी होते, मधुमेही माणसेही पंगतीत संकोचाने ती खातात, छायाचित्रे निघतात. देणाऱ्याच्या मनातील भाव मी खोटा म्हणणार नाही. पण त्या घरचे रोजचे जेवण संध्याकाळी साडेसहाला का आटोपते, हे त्याने विचारले तर बरे होईल. स्वयंपाकीणबाईंना साडेसातची बस गाठावयाची असते म्हणून ते आटोपते. आणि मग सकाळी सातच्या चहापर्यंत साडेबारा तास पोटात काही जात नाही. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे उतरते, त्याला घाम फुटतो, तो चाचपडत उठतो आणि पडतो. रात्री नऊला कपभर दूध आणि दोन बिस्किटे एवढ्याने जे टळले असते ते नोंदवहीत तोल गेल्यामुळे पडले असे लिहिले जाते. सुखाची उणीव म्हणून जी गोष्ट आपण क्षुल्लक मानली तीच येथे अपघाताचे कारण आहे.

जे स्वतःच्या हातात असते तेच सुख टिकते. स्वतःच्या कपाटाची किल्ली. दारावर टकटक केल्यावाचून कोणी आत न येणे. आज अंघोळ सकाळी करावी की दुपारी, हे स्वतः ठरवणे. चहा थोडा जास्त गोड हवा असेल तर साखरेचा डबा हाताशी असणे. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले की खोलीची मांडणी, चित्रपटाची रात्र, पाहुण्यांची वेळ हे तुम्ही ठरवावयाचे, आणि प्रत्येकाला एक रोप निवडून त्याची निगा राखावयास दिले. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक तरतरीत झालीच, शिवाय दीड वर्षाने पाहता त्यांच्यातील मृत्यूही कमी भरले. प्रयोगातील माणसे शंभराहूनही कमी असल्यामुळे त्या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु रोप दोघांकडेही होते, रोपापुरता फरक फक्त पाणी कोणी घालावयाचे एवढाच होता, ही गोष्ट वृद्धनिवास चालवणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्याजोगी आहे.

हाक मारण्याचीही एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण आपल्या भाषेत ती विशेष तीव्रतेने जाणवते. मराठी घरात नातू आजीला तू म्हणतो, त्यात लाड असतो, आणि आजीने त्याला जन्मापासून ते दिलेले असते. निवासात आलेल्या प्रत्येक स्त्रीला पहिल्याच दिवशी आजी म्हटले जाते आणि बरोबर ते तूही येते : आजी, ऊठ, आजी, तोंड उघड. चाळीस वर्षे शाळेत शिकवून बाई झालेल्या स्त्रीचे नाव, आडनाव आणि बाई ही पदवी एकाच दुपारी पुसली जाते. ज्याला नाव उरले नाही त्याला तक्रार करणे कठीण जाते, आणि ज्या घरात तक्रार होत नाही त्या घरातील ओली फरशी ओलीच राहते. म्हणून प्रवेशाच्या वेळी आपणांस काय म्हणून हाक मारावी, असे विचारून ते खाटेपाशी लिहून ठेवणे हा मी केवळ शिष्टाचाराचा भाग मानत नाही.

४. आश्रम, आश्रित आणि कायदा

आश्रम आणि आश्रित ह्या शब्दांचे धातू व्याकरणदृष्ट्या निराळे, परंतु लोकमानसात ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. वृद्धाश्रमात राहणारा तो आश्रित, आणि आश्रिताने मिळेल ते गोड मानून घ्यावे, ही धारणा दाता, चालक आणि स्वतः रहिवासी ह्या तिघांच्याही मनात घर करून बसली आहे. पुण्यात नव्या पेठेतील जी संस्था आज निवारा ह्या नावाने ओळखली जाते तिचे जुने नाव डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह असे होते. जुन्या नावात राहणाऱ्याचे वैगुण्य सांगितलेले होते, नव्या नावात त्याला जे मिळते ते सांगितले आहे; हा बदल मोठा आहे. तरीही एक पाऊल उरते, ते म्हणजे घेणाऱ्यापासून हक्काच्या रहिवाशापर्यंतचे.

ते पाऊल कायद्याने टाकले आहे काय? २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम वाचून पाहावा. त्याच्या १९ व्या कलमात राज्य शासनाला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक याप्रमाणे, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशी वृद्धाश्रमे स्थापन करता येतील असे म्हटले आहे. करता येतील, केलीच पाहिजेत असे नाही. शिवाय कलमात आकडा आहे तो माणसे किती मावावीत ह्याचा. त्यांनी कसे राहावे ह्याचे प्रमाण ठरवण्याचे काम राज्याच्या योजनेवर सोपवले आहे. केंद्राने राज्यांच्या मार्गदर्शनार्थ जे आदर्श नियम तयार केले त्यांत दर माणशी निजण्याची जागा साडेसात चौरस मीटर आणि एकूण राहण्याची जागा बारा चौरस मीटर असावी असे सुचवले आहे, उतार आणि कठड्यांचाही उल्लेख आहे; पण त्या मापाआधी शक्यतोवर ह्या अर्थाचा शब्द घातलेला आहे, आणि शक्यतोवर हा शब्द ज्या नियमात येतो तो दप्तरातच राहतो. खाजगी व धर्मादाय निवासांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके बंधनकारक करू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होता २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल झाले. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंद होते, हिशेब तपासले जातात. परंतु देणगीचा रुपया कुठे गेला हे पाहणारी यंत्रणा असून मोरीचे दार कोणत्या बाजूला उघडते हे पाहणारी नसावी, ह्याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक विसंगती अशी. २०२४ साली महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना दारांची रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी, न घसरणारी फरशी असावी, आधाराच्या दांड्या असाव्यात अशा तरतुदी लागू केल्या. त्या उत्तम आहेत. पण त्या सदनिका विकत घेणाऱ्यासाठी आहेत. ज्याच्यापाशी घर विकत घेण्याइतका पैसा आहे त्याच्या चाकाच्या खुर्चीला ९०० मिलिमीटरचे दार, आणि जो जिल्ह्याच्या गावातील धर्मादाय निवासात एका खाटेवर राहतो त्याच्या खुर्चीला शक्यतोवर. दोघांच्या खुर्चीची रुंदी तर तेवढीच आहे.

५. आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा : मानके सक्तीची केली तर लहान, गरीब, सेवाभावी संस्था बंद पडतील आणि त्यांतील माणसे रस्त्यावर येतील. ह्या आक्षेपात तथ्य आहे. सबब खर्चाची फोड करून पाहावी. उंबरा, कडी, कठडा, दिवा, खाटेची उंची, गोळीची व जेवणाची वेळ, हाक मारण्याची रीत ह्यांना फारसा पैसा लागत नाही. एका मोठ्या देणगीत, श्रीखंडाच्या चार पंगतींत ह्यांतील पुष्कळसे होऊन जाईल. खरा खर्च एकाच गोष्टीचा आहे, आणि तो म्हणजे रात्रीची माणसे. बारा-बारा तासांची पाळी करणारी, दोन मजले एकटीने सांभाळणारी, स्वतः जिन्याखाली चटई टाकून पडणारी मावशी कितीही मायाळू असली तरी पहाटे चारला एका वेळी दोन हाकांना जाऊ शकत नाही. आणि मग बांधणे व डायपर हे तिचे नाइलाजाचे उपाय ठरतात. तिच्या पगाराचा, पाळीचा आणि झोपण्याच्या जागेचा प्रश्न हा रहिवाशाच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. हा भार गरीब संस्थेला पेलणार नाही हे कबूल. म्हणून तो शासनाने उचलावा. १९९५ साली महाराष्ट्राने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी साहाय्यसंस्था आजही वृद्धांची निवासस्थाने चालवते; म्हणजे वृद्धांच्या निवासात शासनाचा वाटा असावा हे तत्त्व आपण पूर्वीच मान्य केले आहे. इमारत बांधून देण्याऐवजी रात्रपाळीचा पगार द्यावा, इतकाच काय तो बदल.

दुसरा आक्षेप स्मृतिभ्रंशाचा. ज्याला स्वतःचे घर आठवत नाही, जो भर दुपारी स्वेटर घालून मला गिरगावात जावयाचे आहे म्हणून फाटकाशी येतो, त्याला स्वाधीनता कशी द्यावी? येथे माझे उत्तर असे, की धोका हा नेमक्या कृतींत असतो, साऱ्या माणसात नसतो. ह्या गृहस्थाला रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही, गॅस हाताळता येत नाही. पण वाटाणे सोलता येतात, देवाला फुले वाहता येतात, कोणती भाजी नको हे सांगता येते. जी मोकळीक काढून घ्यावयाची ती एकेक करून, कारण लिहून आणि ठरावीक मुदतीने फेरविचार करण्याच्या अटीवर काढून घ्यावी. सरसकट जप्ती करू नये. फाटक बंद ठेवणे भाग असेल तर आत एक गोल, सावलीची, कुठेही न अडणारी वाट असावी, की ज्याला चालावयाचे आहे त्याला चालता यावे. दहा फेऱ्या मारून तो आपोआप बाकावर बसतो, आणि त्या दिवशी गिरगावात जावयाचा हट्ट धरीत नाही, असे ज्यांनी ही माणसे सांभाळली आहेत ते सांगतात.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा आहे, आणि मी तो सर्वांत गांभीर्याने घेतो : निवास जितके चांगले होतील तितके आईबापांना तिथे पोचवणे मुलांना सोपे वाटेल. परंतु २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे १० कोटी ३८ लाख भरली. त्यांत अविवाहित आहेत, निपुत्रिक आहेत, एकुलते मूल गमावलेल्या विधवा आहेत, ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात वा अमेरिकेत प्रामाणिकपणे आपला संसार करीत आहेत आणि दररोज दूरध्वनी करतात असे आईबाप आहेत. ह्या साऱ्यांना वाईट ठिकाणी राहावयास लावून इतरांच्या मुलांना कर्तव्याचा धडा देणे हे कोणत्या संस्कृतीत बसते? पीटर टाउनसेंड ह्या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धनिवास पाहून १९६२ साली जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने निवासांवर कठोर टीका केली आणि वृद्धांना स्वतःच्या घरी राहता यावे म्हणून मदत करावी असा आग्रह धरला. तो आग्रह मलाही मान्य आहे. पण मग वरील माप घरालाही लागू होते. आईला आपल्याच घरी ठेवणाऱ्या मुलाच्या मोरीतही बहुधा कठडा नसतो, बटण दाराशीच असते, आणि तीही रात्री अंधारातच चाचपडते.

६. तपासणी

शेवटचा आक्षेप तपासनिसाविषयीचा आहे. मानके आली की तपासनीस येईल, तो दिवसा अकराला येईल, आगाऊ कळवून येईल, चहा घेईल, नोंदवह्या पाहून शेरा लिहील आणि जाईल. म्हणून मानकांनी काही साधणार नाही, असे अनुभवी लोक म्हणतात. त्यांचा अनुभव मी नाकारीत नाही. म्हणूनच तपासणीची रीत मानकाइतकीच विचारपूर्वक ठरवावी लागेल. भेट न कळवता व्हावी. तपासणी करणाऱ्यांत तालुक्यातील एक परिचारिका आणि दुसऱ्या एखाद्या निवासातील एक वृद्ध रहिवासी असावा, कारण ज्याला स्वतः ओल्या फरशीचे भय वाटते त्याला ती दारातूनच दिसते. पडण्याची एक निराळी नोंदवही असावी, तीत कोण पडले एवढेच न लिहिता कुठे, किती वाजता, दिवा होता काय, पायात काय होते आणि त्यानंतर त्या जागी काय बदलले हे लिहिलेले असावे; शेवटचा रकाना रिकामा असेल तर बाकीचे वाचण्याची गरज नाही. आणि वर्षातून एकदा तरी तपासनिसाने संध्याकाळी साडेसहाला तेथील जेवण जेवून, सर्वांत कडेच्या खाटेवर, त्याच पांघरुणात रात्र काढावी. पहाटे तीनला विजेरी न लावता उठून मोरीपर्यंत जाऊन यावे. सकाळी आपला शेरा कार्यालयात नव्हे, तर जेवणघरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, आणि खाली एखाद्या रहिवाशाची सही घेऊन मगच तो पुढे पाठवावा.